न विचारता कापलेली तुळई

फिरत्या आणि स्थिर वस्तूत तीन बोटं जागा हवी, हा आमच्या वर्कशॉपमधला बाबांचा कायदा. बोटं त्यांची, नाहीतर दादाची. माझी बारीक, म्हणून मापात धरत नाहीत. सहा वर्षं मी तिथे ऑइल बदलतेय आणि सहा वर्षं माझी बोटं बारीकच आहेत.

त्या शनिवारी दुर्बीणवाल्या बाईंची जीप तिसऱ्यांदा परत आली. या बाई दुर्बीण लावून जमिनीची मोजणी करतात आणि जिथे बकरीसुद्धा दोनदा विचार करेल तिथे गाडी घालतात. दादानं त्यांची जीप चार इंच उंच करून दिली होती. जाड स्प्रिंगा, मोठे टायर, सगळा थाट. फक्त पुढचं चाक खड्ड्यात लोंबलं की खालून खडखड सुरू व्हायची. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्ट, म्हणजे मनगटाएवढा जाड फिरता पाइप, आता सोलवटून निघाला होता.

"तीन बोटं जागा आहे," दादा गाडीखालून ओरडला. "बाईच गाडी वाईट चालवतात."

"मग तुमची बोटं घेऊन चला माझ्याबरोबर चढावर," बाई म्हणाल्या.

मी खुशाल हसले. बाबा हसले नाहीत. "गाडी उंच केली तिथेच चुकलं. खाली घ्या."

"खाली घेतली तर ती माझ्या कामाची नाही," बाई म्हणाल्या.

"चार वाजेपर्यंत मला द्या," मी म्हणाले.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घे. पण चारला आवाज आला, तर सोमवारपासून तू काउंटरवर. गाडीखाली जायचं नाव काढायचं नाही."

दादा गालातल्या गालात हसला. तो तसा हसला की माझं डोकं सटकतं.

दादा चारही चाकं जमिनीवर टेकलेली असताना मोजत होता. आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर तसंच मोजलंय. मी चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, स्टँड लावले आणि पुढची चाकं हवेत लोंबकळत सोडली. माझ्या मुलीच्या खेळण्यातली रंगीत माती आणून शाफ्टच्या आजूबाजूला जिथे जिथे शंका होती तिथे गोळे चिकटवले आणि चाक हातानं गरागरा फिरवलं. सायलेन्सरवरचा गोळा जसाच्या तसा राहिला. गिअरबॉक्सला खालून पेलणाऱ्या आडव्या तुळईवरचा पार चपटा झाला. चाक खाली गेलं की शाफ्टही खाली येत होता आणि थेट तुळईवर घासत होता.

आता ती तुळई बाबांची. वीस वर्षांपूर्वी या जीपची मूळ तुळई तुटली, तेव्हा त्यांनी ती स्वतः बनवून वेल्ड केली होती. अजूनही आल्यागेल्याला वाकून दाखवतात. दादाला ती दिसली नसेल असं नाही. त्यानं शाफ्ट बदलला, चाक लोंबू नये म्हणून पट्टे बांधले, तेही तुटले, बाईंच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली, पण तुळईला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा बाबांचाही.

मी जाड चौकोनी पाइपची नवी तुळई बनवली, मधे खाली पोट सुटलेली, म्हणजे शाफ्टला खाली यायला जागा. गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला आणि ग्राइंडर चालू केला.

आवाजानं बाबा जेवण टाकून आले. "ए! थांब!"

मी थांबले नाही.

"ती माझ्या हातची आहे!"

"तुमच्याच हातची आहे, म्हणून तर कापायला इतका वेळ लागतोय!" मी ओरडले. तुळई खरंच चिवट होती. अर्ध्यावर डिस्क बदलावी लागली, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुरामुळे नव्हतं. पण कापली, आणि तिच्या जागी नवी बसवली.

चार वाजता बाईंनी जीप वर्कशॉपमागच्या खड्ड्यात घातली. डावं चाक पुरतं लोंबलं. बाबा गुडघ्यावर बसून, कान देऊन ऐकत होते. इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता. बाईंनी मुद्दाम उजवं चाकही लोंबवलं. तरीही नाही.

बाबा उठले. "आवाज गेला. कबूल. पण मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मग सोमवारपासून काउंटरच! आवाज असो नसो."

"काउंटरवर दादाला बसवा," मी म्हणाले. "त्याला बोलता छान येतं. मी गाडीखालीच असणार, इथे नाहीतर दुसऱ्या कुठे."

रविवारभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. आईनंसुद्धा भाजी वाढताना फक्त भांडं आपटलं.

सोमवारी मी आठला पोचले, तेलकट कपड्यांत, भांडायच्या पूर्ण तयारीत. काउंटरच्या खुर्चीत बाबा स्वतः बसले होते. समोर बिलबुक उघडं होतं आणि पेन उलटं धरलेलं.

"बाहेर पांढरी गाडी आहे," माझ्याकडे न बघता त्यांनी किल्ली सरकवली. "तिच्यातही एक तुळई माझ्या हातची आहे. आधी बघ. मग जे वाटेल ते कर."

मी किल्ली उचलली. आभार मानले नाहीत. माझीच जागा होती ती.