प्रवासी शांत होत्या

“‘प्रवासी संपूर्ण वेळ शांत होत्या. त्यांनी कोणतीही तक्रार केली नाही,’ असं कळवलंय विमान कंपनीनं,” महेशनं ईमेल मराठीत सांगितला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. “शांत? अरे, शांत म्हणजे काय रे!” मी टेबलावर हात आपटला. द्वारका चौकातल्या त्याच्या ट्रॅव्हल एजन्सीत बसलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघू देत! शेजारी आई मांडीवर पिशवी घेऊन मुकाट बसली होती.

आई माझ्या बहिणीच्या, साक्षीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेली होती. तिकीट महेशनं काढलं, परदेशी विमान कंपनीचं, “सर्व्हिस एक नंबर” म्हणत. व्हीलचेअर मात्र मी बुक करायला लावली. आपल्याकडे सगळेच करतात. चालता येत नाही म्हणून नव्हे, इंग्रजी येत नाही म्हणून. कुणीतरी या विमानातून त्या विमानात नेऊन बसवतं, एवढंच.

येताना मधल्या विमानतळावर त्यांनी तिची खुर्ची एका खांबाशी लावली आणि निघून गेले. पाच तास! म्हातारं माणूस आहे की सामान? बाथरूम समोर, वीस पावलांवर. गणवेशातल्या दोन पोरींना तिनं खुणेनं सांगितलं. दोघी गोड हसल्या, “वन मिनिट” म्हणाल्या, आणि गेल्या त्या गेल्याच. मुंबईला बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेला विमानातलं ब्लँकेट गुंडाळलेलं होतं. “रवी, आधी गाडीत बसू,” एवढंच म्हणाली.

“दादा, असं करू,” महेश म्हणाला, “‘त्यांना एक पाऊलही टाकता येत नाही’ असं ठणकावून लिहू. मग बघा कसे सरळ येतात.”

“लिही!”

“नको लिहू,” आई म्हणाली. “मला चालता येतं. रोज कॉलनीला पाच फेऱ्या मारते मी.”

“मग उठली का नाहीस तू?” आवाज तिच्यावरही चढलाच माझा.

“तूच म्हणाला होतास ना? ‘उठू नको आई, चालताना बघितलं तर खुर्ची काढून घेतील, मग तुला कुत्रं विचारणार नाही.’ मला वाटलं, उठले तर पोरांचं खोटं उघडं पडेल. विमानात घ्यायचे नाहीत.”

महिनाभर मी जगाच्या नावानं बोंबलत होतो. आता लाज वाटली, स्वतःचीच.

“मावशी, हे खरं लिहिलं तर तक्रार तिथंच पडेल,” महेश हळूच म्हणाला.

“पडू दे. पण एक लिही बाबा. शेवटी जी पोरगी आली ना, तिनं खुर्ची ढकलताना नाक दाबलं. चारचौघांत.” आई म्हणाली. “तीस वर्षं दवाखान्यात आया होते मी. किती जणांचं काढलं, धुतलं. नाक कधी दाबलं नाही. शुद्ध नसलेल्या माणसासमोरही नाही.”

महेशनं विचारलं, “कंपनीकडून काय पाहिजे म्हणून लिहू, मावशी?”

“काही नको,” आई म्हणाली. “त्या पोरीला कुणीतरी शिकवा म्हणावं.”