बेरीज दोन

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, दहा प्रश्नांचा. तुरुंगाच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खाली पडून असतो. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगलेला माणूस सुटल्यावर पुन्हा तसंच करील का, याचा अंदाज मी सांगायचो.

संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी हजारो जुन्या फायली चाळून मला घडवलं. वय किती? आधी शिक्षा किती वेळा? पीडित ओळखीची की अनोळखी? प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज कमी, तर धोका कमी. नुसत्या साहेबांच्या मर्जीपेक्षा मी बरा होतो, हे खरंच. माझं फार कौतुक झालं आणि मी थोडा शेफारलो, कबूल करतो.

एकदा मानसतज्ज्ञ बाईंनी मला एका साठीच्या कैद्यासाठी भरलं. शिक्षा एकदाच, वागणूक चांगली. बेरीज आली दोन. सुटल्यावर तो धाकट्या बहिणीकडे राहणार होता, म्हणून तिला बोलावलं होतं. ती पिशवीचा बंद पिळत बसली होती.

"मॅडम, लहानपणी त्याने मलाही सोडलं नव्हतं," ती एकदम म्हणाली. "आईला सांगितलं, तर तिने मलाच गप्प बसवलं. आता घरच्यांनी पत्ता माझा दिलाय. माझी नात असते हो घरात."

बाईंचं पेन थांबलं. "तेव्हा कुठे तक्रार केली होती का?"

"घरातल्या माणसाची तक्रार कोण करू देतं?"

नोंद नसलेल्या गोष्टीला माझ्यात गुण नव्हते. तळाशी शेऱ्यासाठी चार ओळी होत्या, पण शेऱ्यालाही गुण नाहीत, म्हणून त्या कोऱ्या सोडायची तिथे पद्धतच पडली होती.

"एवढी कमी बेरीज आलेल्या शंभरात पाच जणच पुन्हा त्या वाटेला जातात, ताई. काळजी करू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

दीड वर्षाने तो पुन्हा तुरुंगात आला. नव्या फायलीत नातीचं वय होतं, आठ. बाईंनी मला परत भरलं, तेव्हा माझे गुण वाढले. ते कुणाच्या दुःखातून वाढले, हे मला ठाऊक होतं. माझं काळीज फाटलं, मित्रांनो. बाई टेबलावर डोकं टेकून कितीतरी वेळ रडत होत्या.

मला शंभर जणांचं सांगता येतं. घरात राहायला मात्र एकच जण जातो. म्हणून हात जोडून सांगतो, कुणी धीर करून बोललं, तर आधी ते लिहून घ्या, बेरीज मागून करा. त्या आजीने आयुष्यात दोनदाच तोंड उघडलं होतं, एकदा आईपुढे आणि एकदा आमच्यापुढे.