नवाकोरा माऊस

बसा जरा, इंडोनेशियातल्या सुराबाया शहरातल्या सुकिर्नोची फजिती सांगतो. ईदेला बायकोला माहेरी, मडियूनला न्यायचं त्यानं कबूल केलेलं, अन् कॉम्प्युटरवर रेल्वेची तिकिटं भराभर संपत चाललेली. सुकिर्नोनं सीटवर बाण नेला, की तो बेडकासारखा उडी मारून भलत्याच कोपऱ्यात जायचा. त्यानं माऊस आपटला, फुंकला, वायर ओढली.

"अख्ख्या गल्लीचे पंखे दुरुस्त करता, अन् एवढंसं यंत्र ऐकेना?" बायको, नगातिना, म्हणाली.

"माऊसच बिघडलेला निघाला!"

"अहो, आधी त्याच्यावरचं प्लास्टिक तर काढा!"

माऊस मळू नये म्हणून यानंच त्याला पिशवीत घालून रबर लावलेलं. पोटातल्या लाल दिव्यापुढं ती पिशवी चुरगळली होती. पिशवी निघाली अन् बाण गाईसारखा गरीब झाला. पण तोवर दोनच जागा उरलेल्या, संडासाला लागून. त्याच घेतल्या.

"माझ्यासारखा शहाणा नवरा शोधून सापडायचा नाही," सुकिर्नो कपाळावर हात मारून म्हणाला. "मडियून येईपर्यंत नाक धरून बस."

"बसते की! माहेर तर येईल," नगातिना हसली.

कधी त्याच्या घरी गेलात, तर एक करा बाबांनो. सोफ्यावरच्या प्लास्टिकचा विषय काढू नका.