बुवांच्या पेल्यातले बुडबुडे

या, असे पुढे सरका, चटईवर जागा आहे. २००६ सालची एक गोष्ट सांगतो. मला ती तेव्हा नीट कळली नव्हती, आजही अर्धीच कळली आहे.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा शिपाई होतो. पूर्णगडची रुबिना तिथे संशोधन करायची. बोटभर काचेच्या पट्टीत तिने केसाएवढ्या बारीक नळ्या कोरून घेतल्या होत्या. खाडीतल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, रसाचा एक थेंब त्यातून गेला, की तिसऱ्या विषारी आहेत का ते कळणार होतं. तिचा भाऊ तसल्याच तिसऱ्या खाऊन मरता मरता वाचला होता. पण आधी नळ्या पाण्याने भरायच्या, आणि दर वेळी आत एक बुडबुडा अडकून बसे. थेंब तिथेच ठप्प! शुक्रवारी मुंबईचे परीक्षक येणार होते. पट्टी चालली नाही तर काम बंद.

"काका, तुमची उदबत्ती तर नाही ना नडत?"

प्रयोगशाळेतल्या देवाच्या तसबिरीपुढे मी रोज लावायचो ती उदबत्ती विझवली. बुडबुडा होताच. जोड आवळले, पट्टी धुतली, सिरिंज बदलली. बुडबुडा होताच.

"देव रागावला असेल," मी म्हणालो.

"एवढ्याशा नळीत शिरायला देवाला वेळ कुठाय, काका?"

"त्यालाच तर असतो गो!"

बुधवारी देवळात उत्सवाचं कीर्तन. भागोजीबुवांना पाणी ठेवायची सेवा माझी. फ्रिजचं गार पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि पुढेच बसलो. बुवा असे रंगले की पेल्याला हात लावला नाही. पूर्वरंग संपून मध्यंतरात कपाळाला बुक्का लागला तेव्हा माझं लक्ष गेलं: पेल्याच्या आतल्या अंगाला बारीक बारीक बुडबुडे! कोणी फुंकलं नाही, ढवळलं नाही. आले कुठून? उत्तररंगाचा एक शब्द कानात शिरला नाही. देवा, क्षमा कर. कारण रुबिनाची पाण्याची बाटली रोज फ्रिजमध्ये ठेवणारा मीच होतो. पाणी नासू नये म्हणून!

सकाळी तिला सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून हसली. "तीन आठवडे मी काचेला शिव्या घालतेय, काका! गार पाण्यात हवा मुरलेली असते. ऊब लागली की ती बाहेर पडते."

तिने पाणी खळखळून उकळलं, बाटली काठोकाठ भरून बूच लावलं, आणि निवल्यावर हळूहळू नळ्यांत सोडलं.

मी आणखीच गोंधळलो. "पण उकळताना तर केवढे बुडबुडे आले!"

"येऊ देत की. सगळे बाहेरच गेले, तर आत जायला उरणार कोण?"

मी मान हलवली. कळलं म्हणून नव्हे.

शुक्रवारी परीक्षक पट्टीवर वाकले. मी दाराशी, मनात नाम. थेंब निघाला, पहिल्या वळणावर थबकल्यासारखा वाटला, आणि गेला पलीकडे! रुबिनाचं काम चालू राहिलं.

बुवांना हे पुढच्या उत्सवात सांगणार होतो. ते त्याआधीच गेले. पेला अजून माझ्याकडे आहे. कधी गार पाणी समोर आलं तर लगेच पिऊ नका. काचेला बुडबुडे धरू देत, आणि तहान विसरून गाणाऱ्या भागोजीबुवांची तेवढी आठवण काढा.