पोपटानं काढलेलं पाकीट

राजश्री येणार म्हणून प्रवीणनं इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हाच यशोधरेचं टाळकं सटकलं होतं. एरवी हा माणूस रविवारी बनियनवर दुपार काढायचा. आज सोफ्याचं कव्हरसुद्धा त्यानं स्वतः झटकलं. लग्न झाल्यापासून त्यानं कधी उशीचा अभ्रा बदललेला यशोधरेला आठवत नव्हता.

राजश्री म्हणजे प्रवीणच्या गावची, नांदूरघाटची, त्याची शेजारीण. आता दुसऱ्याच गावी, घाटनांदूरला, शाळेत मास्तरीण. लेकीला क्लास लावायला बीडला आली होती, आणि ह्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "घरी ये, एक चीज दावतो."

चीज म्हणजे एक जुनी मालिका. 'तिसरी चावी' नावाची. ही दोघं लहान असताना गावात एकच टीव्ही, तोही राजश्रीच्या घरी. सगळी आळी तिथं जमायची. त्यातला पोपटवाल्या ज्योतिषाचा भाग प्रवीणला इंटरनेटवर सापडला होता, आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

यशोधरेनं चहा ठेवला.

"राजश्रीला अर्धाच कप दे, बिनसाखरेचा," बाहेरून प्रवीणचा आवाज आला.

तिचा हात डब्यावरच थांबला. आपण चहात साखर किती घेतो, हे ह्या माणसाला आज विचारलं तर सांगता येईल का? मुळीच नाही. आणि तिचं मात्र तोंडपाठ. जळली मेली आठवण.

पण यशोधरेकडं एक हुकमाचं पान होतं. लग्नाच्या वेळी प्रवीणला दोन पोरी सांगून आल्या होत्या, शेजारची राजश्री आणि केजची यशोधरा. सासरे निवृत्ती पक्के बौद्ध. घरात पत्रिका नाही, मुहूर्त नाही, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर. सासूला, मालनबाईला, दोन्ही पोरी पसंत, मग ठरवायचं कसं? पत्रिका असती तर भटावर ढकलून मोकळी झाली असती. शेवटी नवऱ्याला चोरून ती बाजारात पोपटवाल्याकडं गेली. त्यानं दोघींच्या नावांची दोन पाकिटं मांडली, पोपटानं यशोधरेचं काढलं. खात्री म्हणून पुन्हा मांडलं, पुन्हा तिचंच. नव्या सुनेला मालनबाईनं चुलीपाशी हे कानात सांगितलं आणि वर बजावलं, "तुज्या सासऱ्याला सांगू नको, जीव घील माजा."

यशोधरेचाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी राजश्रीचं नाव निघालं की ती मनात म्हणायची, पोपटानं मला काढलंय, तुला नाही. पण मग रात्री कधीतरी दुसराच प्रश्न कुरतडायचा. पोपटानं काढलं, पण ह्यांनी कुणाला काढलं असतं? तो प्रश्न तिनं कधी ओठांवर आणला नाही. उत्तराची भीती वाटायची.

ती चहा घेऊन बाहेर आली. दोघं सोफ्यावर टीव्हीसमोर शाळकरी पोरांसारखी बसली होती. ती बाजूच्या खुर्चीवर टेकली. पडद्यावर जत्रा भरलेली. पोपटानं एका शेठजीच्या मरणाचं पाकीट काढलं, आणि शेठजी खरंच मेला. मग चष्मेवाला इन्स्पेक्टर आला. त्यानं पाकीट नाकाशी धरलं, बोट चोळलं आणि सांगितलं की पाकिटावर शेंगदाणा चोळलाय. पोपटाला भविष्य कळत नाही, दाणा कळतो.

राजश्रीला हसू आवरेना. "आई गं, आपुन हेच केलतं की रे, प्रवीण."

प्रवीणनं रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"काय केलतं?" यशोधरेनं विचारलं.

"वहिनी, म्हंजी तुमाला ह्यानं सांगितलंच न्हाई?" राजश्री तिच्याकडं वळली. "अवो, मालनकाकूसंगं बाजारात मीच गेलते. पाकिटं सरळ करायचं निमित्त केलं अन् तुमच्यावर दाणा घासला. दोन्ही डाव. ह्यानंच सांगितलतं. केजहून तुमाला बघून आला अन् तसाच माज्या दारात हुबा. म्हणला, आई पोपटावर टाकायलीय, तू कायबी कर, पर तीच निघाली पायजे."

यशोधरेनं नवऱ्याकडं बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. कान लाल झाले होते.

"आईपुढं तोंड उघडायची छाती न्हवती माजी," तो म्हणाला.

तिच्या छातीवरचा धोंडा हलला. ह्यांनीच काढलं होतं तर. पोपट नुसता नावाला. डोळे भरून आले. पण लगेच दुसरी कळ उठली, पहिलीपेक्षा जोरात. ही गोष्ट राजश्रीला पहिल्या दिवसापासून माहीत. माझी गोष्ट, आणि ती सांभाळून ठेवली हिनं.

"मला कावून न्हाई सांगितलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आईनं तुला पोपटाचं सांगितलं, तवा तू लई खुश झालतीस," प्रवीण म्हणाला. "म्हणलं, ऱ्हाऊ दे. कशाला मोडायचं."

"एका पाखराचे उपकार मानत बसले मी एवढी वर्षं," ती म्हणाली. "ते बी दाण्याला भुललेलं."

राजश्रीनं कप खाली ठेवला. मग पर्स उचलून म्हणाली, "वहिनी, मी निघते. लेक वाट बघत आसल."

"बसा," यशोधरा म्हणाली. ती खुर्चीवरून उठली, दोघांच्या मधे जागा करून बरोबर तिथंच बसली, आणि नवऱ्याच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"पयल्यापासून लावते. आता मला बी बघायचंय, तुमी काय काय बघितलंत ते." ती नवऱ्याकडं वळली. "आन् अवो, मला चहात दोन चमचे साखर लागती. आता उठा, एक कप करून आना."