जाळीचं दार उघडं होतं

वयाच्या चाळिसाव्या वर्षी जेनीन फेरेडेने विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा इंग्लंडमधल्या विलनहॉल गावातल्या निम्म्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या आणि उरलेल्यांनी हात ठेवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

“इंजिनिअर होणार होय गं तू? आधी तुझ्या घरचा गळका नळ तरी दुरुस्त कर!” बेकरीतली डॉट पाव पिशवीत टाकताना म्हणाली.

“तोच शिकायला चाललेय,” जेनीन म्हणाली. “पहिल्या वर्षी नळ, दुसऱ्या वर्षी तुझं तोंड.”

गाव कुलपांचं. जेनीनने तिथल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं कुलपं जोडली होती. स्प्रिंग, खटका, झाकण, चार स्क्रू, की घ्या पुढचं कुलूप. कारखाना बंद पडला तशी ती सुपरमार्केटात गल्ल्यावर बसली. मुलगी कीली दहावीच्या गणिताशी झगडत होती, तेव्हा तिच्यासोबत हीही रोज जेवणाच्या टेबलावर समीकरणं सोडवू लागली, आणि आपल्याला हे जमतंय हे पाहून स्वतःच चकित झाली. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पदवीच्या आधी एक तयारीचं वर्ष असतं, हे कीलीनेच शोधून काढलं. वुल्व्हरहॅम्प्टनला, बसने अर्ध्या तासावर. विषय उत्पादन अभियांत्रिकी.

मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? “कुलपं जोडली, आता ती बनतात कशी तेही कळू दे,” असं ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

खरं कारण कपाटात, चादरींच्या घडीखाली होतं. चाळीस पानांचा चौकशी अहवाल. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गॅव्हिन त्याच कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसमध्ये सापडून गेला. प्रेसभोवती जाळी होती. जाळीचं दार उघडलं की प्रेस थांबायलाच हवी, अशी सोय होती. त्या दिवशी दार उघडं होतं आणि प्रेस चालू होती. असं का झालं, ते अहवालात चाळीस पानं सांगूनही सांगितलेलं नव्हतं. निदान जेनीनला तरी त्यातलं काही उमगलं नव्हतं. शेवटच्या पानावर एवढंच होतं की सुरक्षेची सोय निकामी कशी झाली, याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

गावाला मात्र पुरावा लागत नव्हता. त्या पाळीला यंत्रांची जोडणी नेव्हिल टॉन्क्सकडे होती. गॅव्हिनपाशी सगळ्यांत आधी पोचला तोही तोच. चौकशीत तो धड काही बोलला नाही. नोकरी गेली, दारूच्या गुत्त्यातली त्याची ठरलेली खुर्ची गेली, आणि गॅव्हिनच्या आईने, हेझेलने, भर चर्चच्या दारात त्याला सुनावलं होतं, “माझा पोर खाल्लास तू, नेव्हिल. देव तुला पचू देणार नाही.” जेनीन तेव्हा सासूच्या बाजूला उभी होती. नेव्हिलने दोघींकडे पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेला. त्या दिवसापासून तो समोरून आला की जेनीन रस्ता ओलांडायची.

तयारीच्या वर्षात अठरा-एकोणीस वर्षांची सतरा पोरं होती आणि ही एक. पहिला महिना तिने मान वर केली नाही. साइन आणि कोसाइन यांच्यातला फरक तिला बसमध्ये कळायचा आणि वर्गात शिरताना विसरायला व्हायचा. पण कार्यशाळेत ती पोरांना भारी पडे. जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात धरला की बोटांना माप आपसूक कळायचं. पोरं तिला “आँटी जे” म्हणायला लागली.

फेब्रुवारीत कार्यशाळेचे मास्तर रुपिंदर सहोता यांनी सगळ्यांना एका छोट्या प्रेसभोवती उभं केलं. हे तिथलेच, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वाढलेले, पस्तिशीचे.

“हे जाळीचं दार,” सहोता म्हणाले. “दाराला ही पोलादी जीभ. दार लावलं की जीभ या खाचेत जाते, मग यंत्राला कळतं की दार बंद आहे. दार उघडलं, जीभ बाहेर आली, यंत्र थांबलं. सोपं आहे?”

“सोपं आहे, सर.”

“सर नको, रुपिंदर म्हणा. आता मला सांगा, हुशार कामगार काय करतो?”

सहोतांनी खिशातून बोटभर लांबीचा, टोकाला दोन दात असलेला पोलादाचा चपटा तुकडा काढला आणि खाचेत खुपसला. दार सताड उघडं होतं. त्यांनी बटण दाबलं. प्रेस धाडकन खाली आली.

“दुसरी जीभ,” ते म्हणाले. “पत्रा अडकला की दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला दहा मिनिटं जातात. म्हणून माणसं ही खिशात बाळगतात. माझ्या काकांकडे होती. ज्यांच्याकडे होती त्यातले बरेच जण म्हातारे होऊन सुखाने मेले. सगळे नाही.”

पोरं हसली. जेनीन हसली नाही. तो तुकडा तिच्या ओळखीचा होता. तिच्या मागच्या दाराजवळच्या खिळ्याला गॅव्हिनचा किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. कारखान्याने कोटासकट परत दिलेला. त्यात घराची किल्ली, गाडीची किल्ली आणि हाच तुकडा. बाटली उघडायचं काहीतरी असेल, असं समजून कीलीने एकदा त्याने लिंबाच्या सरबताचं बूच काढायचा प्रयत्न केला होता. निघालं नव्हतं.

“जेनीन, बरं वाटत नाही का?” सहोतांनी विचारलं. “बसा जरा.”

“काही नाही,” ती म्हणाली. “सकाळपासून पोटात काही नाही ना.”

घरी येऊन तिने जुडगा काढला, कोट न उतरवता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. कडा हाताने घासलेल्या होत्या. चांगलं काम होतं. असं काम करणारा त्या कारखान्यात एकच माणूस होता.

शनिवारी सकाळी ती कालव्याकाठच्या भाजीच्या वाफ्यांकडे गेली. नेव्हिल तिथे सापडतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकसष्टीचा, वाकलेला माणूस कांद्याच्या पातीसारखे, पण मनगटाएवढे जाड लीक उपटत होता. तिला पाहून त्याने हात पुसले आणि टोपी काढली.

जेनीनने जुडगा पुढे धरला. “हे तुम्ही केलंत ना?”

त्याने अंगठ्याने त्या तुकड्याचे दात चाचपले. मग म्हणाला, “टाकून दिली असशील असं वाटलं होतं मला.”

“केलंत ना?”

“केलं. सहा केल्या होत्या. ज्याने मागितली त्याला दिली. गॅव्हिनने दोनदा मागितली तेव्हा दिली, एवढंच काय ते माझं शहाणपण.” तो उलट्या बादलीवर बसला. “बस पोरी, चिखल आहे, पण बस.”

ती बसली नाही. “त्या दिवशी काय झालं?”

“पत्रा अडकला. त्याने जीभ घातली, जुडगा तसाच लटकत ठेवला आणि खांद्यापर्यंत आत वाकला. रोज दहा वेळा करायचा. मी वीस पावलांवर होतो. आवाज आला. धावलो, तर...” त्याने हात हलवला. “मग मी जुडगा खाचेतून काढला आणि खुंटीवरच्या त्याच्या कोटात टाकला.”

“का?”

“का म्हणजे? दुसऱ्या दिवशी साहेब लोक येणार. मेलेल्या माणसाने स्वतःच केलं असं लिहिणार. तुला आणि पोरीला जी भरपाई मिळायची ती मिळाली नसती. आणि लोक काय म्हणाले असते? फेरेडेचा पोरगा आपल्याच अकलेने मेला.”

“आणि तुम्हाला लोक काय म्हणाले?”

“मला म्हणाले ते काही फार चूक नव्हतं,” नेव्हिल म्हणाला. “जीभ माझ्याच हातची होती.”

जेनीनला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग आला, तोही कुणाचा ते कळेना. गॅव्हिनचा, की या म्हाताऱ्याचा, की सहा वर्षं रस्ता ओलांडत राहिलेल्या स्वतःचा.

“चर्चच्या दारात मी उभी होते,” ती म्हणाली. “तुम्ही एक शब्द बोलला असतात तरी...”

“तुझी सासू रडत होती गं. रडणाऱ्या बाईला मी काय सांगणार होतो?” त्याने लीकची जुडी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. “सूप कर. आणि हे सगळं इथेच पुर. हेझेलला सांगू नकोस. मी निभावलंय. आता मोडू नकोस.”

तिने पुरायचा प्रयत्न केला. दोन महिने. गणिताची परीक्षा दिली, पास झाली. पण दर रविवारी हेझेलकडे जेवायला जायचं असे, आणि दर रविवारी राखाडी वाटाणे आणि बेकन वाढता वाढता हेझेल एकदा तरी नेव्हिलचं नाव काढी. एप्रिलमधल्या एका रविवारी ती म्हणाली, “ऐकलंस का, त्या टॉन्क्सला फुप्फुसाचं काहीतरी निघालंय म्हणे. उशिरा का होईना, देव हिशेब करतो.”

जेनीनने काटा खाली ठेवला. “आई, नेव्हिलने काही केलं नव्हतं.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. ती दुसरी जीभ, जुडगा, कोट. कीली शेजारी बसून आईचं तोंड पाहत राहिली. तिलाही हे नवंच होतं.

हेझेलने सगळं ऐकून घेतलं, उठली, जेनीनची अर्धी भरलेली ताटली उचलली आणि उष्टं कचऱ्याच्या डब्यात ओतलं.

“माझा लेक एकदा मेला होता,” ती म्हणाली. “आज तू त्याला पुन्हा मारलंस. चार बुकं वाचलीस आणि माझ्या घरात बसून तो मूर्ख होता म्हणून सांगतेस?”

“मूर्ख नव्हता आई. सगळेच करायचे.”

“ऊठ. कीलीने येत जावं. तू येऊ नकोस.”

नेव्हिलला ते दोन दिवसांत कळलं. तो काठी टेकत जेनीनच्या दारापर्यंत आला, पण आत आला नाही. “सहा वर्षं सांभाळलं होतं,” एवढंच म्हणाला. “तू एका दुपारी सांडलंस.”

“तुमच्या नावाला डाग होता. मला बघवत नव्हता.”

“माझ्या नावाला आता कोण विचारतंय, पोरी?” तो म्हणाला आणि खोकत खोकत परत गेला. जूनमध्ये तो वारला. त्याच्या अंत्यविधीला अकरा माणसं होती. जुन्या कारखान्यातले तीन जण होते, तिघांनाही त्याने जीभ करून दिलेली. त्यांतला एक जेनीनजवळ येऊन म्हणाला, “आम्हाला माहीत होतं,” आणि टोपी घालून निघून गेला. हेझेल आली नाही.

तयारीचं वर्ष पार पडलं. जेनीन वर्गात चौथी आली. सप्टेंबरमध्ये पदवीचं पहिलं वर्ष सुरू होणार होतं. डॉटने बेकरीतून केक पाठवला, त्यावर साखरेचा नळ काढलेला. जेनीन हसली आणि अर्धा केक डीप फ्रीजमध्ये तसाच राहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने कपाटातून तो अहवाल काढला. आता वाचता येत होता. प्रेसचा वेग किती, वरचा भाग किती उंचीवरून येतो, हे सतराव्या पानावर होतं. बाकीचं तिने स्वतः मांडलं. एक कागद भरला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कागद अहवालातच ठेवून दिला. असं का केलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कीली दर रविवारी आजीकडे जायची. जेनीन तिला सोडायची आणि कोपऱ्यावर गाडीत बसून राहायची. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कीली लवकर बाहेर आली. गाडीत बसली, पण पट्टा लावला नाही.

“आजी विचारतेय,” ती म्हणाली. “म्हणाली, तुझी आई शिकतेय ना, तिला विचार, त्याला कळलं होतं का? किती वेळ लागला?”

जेनीनने गाडीचं दार उघडलं.

“मी सांगते ना तिला,” कीली म्हणाली. “तू नको जाऊस, मम्मी. ती ओरडेल.”

“ओरडू दे.”

हेझेल दारातच उभी होती, एक हात चौकटीवर. चार महिन्यांत ती बरीच बारीक झाली होती. आत ये म्हणाली नाही.

“आई,” जेनीन म्हणाली, “मी हिशेब केला. दोनदा केला. अर्ध्या सेकंदाचंही काम नव्हतं ते. माणसाला दुखतंय हे मेंदूपर्यंत पोचायलासुद्धा थोडा वेळ लागतो. त्याला तेवढाही मिळाला नाही. त्याला काहीच कळलं नसणार.”

“हे खरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून?”

“खरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही बोलत असते, तर एप्रिलमध्येच गप्प बसले असते.”

हेझेलने मान हलवली. मग विचारलं, “आणि दार बंद असतं तर?”

जेनीनला या प्रश्नाची भीती होती. त्याचं उत्तर मांडायला कागद लागत नव्हता.

“तर तो आज असता,” ती म्हणाली.

हेझेलने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. आत जाणाऱ्या तिच्या सपातांचा आवाज जेनीनने शेवटपर्यंत ऐकला आणि मग पायऱ्या उतरून गाडीकडे गेली. कीलीने पट्टा लावला होता.