नको म्हणणाऱ्यांची यादी

कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसात ललिताला पगार मिळायचा तो लोकांचं ‘नको’ वाचण्याचा.

टक्कल घालवा, पोट उतरवा, घरबसल्या इंग्रजी शिका! अशा न मागितलेल्या जाहिराती तिथून रोज लाखभर लोकांच्या ईमेलमध्ये जाऊन पडत. २००३ साली असल्या चाळीस कंपन्यांनी धंद्याला अब्रू यावी म्हणून संघ काढला, आणि प्रत्येक जाहिरातीखाली बारीक ओळ आली: नको असल्यास कळवा, नाव काढू.

“आता आपण सज्जन झालो, ललिता,” ऑफिसचे मालक सुनील सर म्हणाले.

“मग नावं काढायची ना, सर?”

“काढू गं. आधी माणूस मेल उघडतो याचा आनंद तर होऊ दे.”

उत्तर देणाऱ्याचा पत्ता जिवंत ठरायचा, आणि जिवंत माणसाला जाहिराती दुप्पट जायच्या.

एका दुपारी इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र आलं.

‘सप्रेम जयभीम. केशवर्धक तेलाचे आपले पत्र पोहोचले. वय सदुसष्ट, केसांची हाव उरली नाही. कृपया तसदी घेऊ नये. मुलगा संघर्ष मालवाहू जहाजावर आहे. बंदर लागले की ईमेल करतो. आपल्या पत्रांनी माझे खाते भरते आणि त्याचे पत्र माघारी जाते. हिरामण, निवृत्त शिक्षक, नांदगाव.’

“ऐका रे, तेलाला जयभीम!” सरांनी मोठ्यांदा वाचलं. सगळे हसले. ललिताही हसली, नोकरी होती म्हणून.

सातवीला तिला हेच गुरुजी होते. उत्तर दिल्याशिवाय आलेलं पत्र फाडायचं नाही, हा त्यांचा वर्गातला कायदा.

“सर, हे एक नाव खरंच काढू?”

“काढ की. संघाच्या यादीत टाक. चाळीसही कंपन्यांना कळेल, याला पाठवायचं नाही.”

तिनं पत्ता एकेक अक्षर बोट ठेवून दोनदा तपासला आणि यादीत टाकला. त्या दिवशी डबाही तिला गोड लागला.

पंधरवड्यानं गुरुजींचं पत्र आलं. ‘नाव काढल्याबद्दल आभार. मात्र तेव्हापासून नव्या एकोणचाळीस ठिकाणांहून पत्रे येत आहेत. सायबर कॅफेत बसून सर्वांना उत्तरे लिहितो, पण उरकत नाही. संघर्षचे पत्र नाही. त्याची आई रोज विचारते.’

ललिता तडक सरांपुढे उभी राहिली. “यादी नको म्हणणाऱ्यांची होती ना?”

“होतीच. पण बाई, नको म्हणतो तो वाचतो. इतकी चोख यादी कोण सोडेल? आपणही बाकीच्यांची घेतलीच की.”

गुरुजींना लिहायला ती बसली, पण खाली स्वतःचं नाव घालावं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी घातलं. ‘गुरुजी, मी ललिता, सातवी ब. कुणालाही उत्तर देऊ नका. न वाचता पुसून टाका. ती पत्रं नाहीत.’

मिनिटभरात ते परत आलं. खातं भरलेलं होतं.

मागून सर वाकून बघत होते. “परत आलं? मग मेला तो पत्ता. काढ यादीतून. उद्या संघाची माणसं तपासायला यायचीत, सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे.”

ललितानं नाव काढलं. या वेळी खरोखरच काढलं. ‘आपल्या विनंतीनुसार आपले नाव काढले आहे,’ असं पत्र नियमाप्रमाणे आपोआप नांदगावला गेलं.

तेही परत आलं.